आंदणात जुनी आलमारी चालते का?

लग्नसराई भरात आणि पेरणी तोंडावर, असा हा महिना. कापसाचे पैसे कधीचे वाटेला लागलेले असतात. म्हणूनच की काय, यंदा टपालात जुन्या वस्तूंबद्दलचीच पत्रं जास्त आली. आमचं भांड्यांचं दुकान तालुक्याच्या बाजारात आहे, त्यामुळं मोडीत आलेलं पितळ रोज हाताखालून जातं. बाकीच्या वस्तूंचं ज्ञान संसार करता करता आलेलं. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

काकू, मुलीचं लग्न महिनाअखेरीला आहे. बोंडअळीनं कापूस अर्ध्यावर आला, त्यातलाही पैसा सोसायटीच्या कर्जात गेला. आंदणात पलंग, आलमारी, शिलाई मशीन आणि पितळेची भांडी द्यावी असं मनात आहे. गावातल्या एका मास्तरांची बदली झाली, ते बराचसा संसार इथंच विकून चाललेत. वस्तू चांगल्या दिसतात. पण मुलीचे बाबा म्हणतात, आंदणात जुनं दिलं तर सोयऱ्यांत नाक कापलं जाईल. काय करू? (एक आई, ता. नेर)

ताई, आधी मीच एक विचारते. ही यादी तुमच्या मनातली की त्यांनी सांगितलेली? त्यांनी मागितली असेल तर जुनं की नवं हा प्रश्न बाजूला ठेवा. १९६१ च्या कायद्यानं तो हुंडा झाला, मग पलंग सोन्याचा असो की बाभळीचा. तुम्ही आपखुशीनं देत असाल तर त्याच कायद्याखालचे १९८५ चे नियम आहेत: मुलीला दिलेल्या वस्तूंची यादी करायची, प्रत्येकीचं वर्णन आणि अंदाजे किंमत लिहायची, खाली सही घ्यायची. त्या यादीत सरळ लिहा, ‘सागवानी पलंग, वापरलेला’. लपवलेलं जुनं उघडं पडलं की बोभाटा होतो. कागदावर लिहून दिलेल्या जुन्याबद्दल बोलायला कुणाला फार जागा राहत नाही. आणि सगळ्यांत आधी पोरीला विचारा. वापरायचं तिला आहे.

नाकाचं म्हणाल, तर आपल्याकडं बैलजोडी कोणी शोरूममधून आणत नाही. दात बघतात, चालवून बघतात, मालकाला चार प्रश्न विचारतात, आणि दारात आणली की घरची बाई तिला ओवाळते. मग पलंगानं काय घोडं मारलं?

बदलीचा माल मला सगळ्यांत पसंत. मास्तर, बँकेतले, तहसीलमधले लोक एप्रिल-मेमध्ये हलतात. ट्रकभाडं परवडत नाही म्हणून जड वस्तू विकतात, वस्तू बिघडली म्हणून नाही. विकणाऱ्यानं विकायला का काढलं हे एकदा कळलं की निम्मी पारख झाली. उरलेली निम्मी डोळ्यांनी आणि हातांनी करायची.

पलंग सागवानी आहे असं ते सांगतील. असेलही, आलापल्लीचं सागवान आपल्या भागात घरोघर पोचलेलं आहे. पण सागाच्याही कडेचा पांढरट भाग कच्चा असतो, भुंगा आणि उधई आधी तिथंच लागते. पलंग उलटा करून बघा. खुराजवळ किंवा फळ्यांच्या खालच्या अंगाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो पलंग स्वयंपाकाच्या चुलीचा, आंदणाचा नाही. ढेकणांसाठी सांधे बघा, काळे ठिपके असले की समजा वस्ती आहे. ते एवढं मोठं कारण नाही, उकळतं पाणी सांध्यात ओतून मेच्या उन्हात दोन-चार दिवस ठेवा. गादी मात्र जुनी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. कापसाच्या मुलखात राहतो आपण. घरचा कापूस पिंजून नवी गादी भरून घ्या, आंदणात तीच शोभून दिसेल.

लोखंडी आलमारीचा तळ बघायचा. पावसाळ्यात ओल लागून खालचा पत्रा सडतो आणि वरून रंग मारला की दिसत नाही. नाण्यानं ठोकून पाहा, बद्द आवाज आला तर पत्रा गेलेला. दार उघडं सोडलं तर जिथल्या तिथं राहायला हवं. आपोआप लोटलं जात असेल तर चौकट वाकली आहे. आणि घरी आणताच कुलूप बदला. मास्तर देवमाणूस असतील, पण किल्ल्या आजवर कुणाकुणाच्या हातातून गेल्या ते त्यांनाही आठवणार नाही.

आता माझा विषय. पितळेचा गुंड, कोपर, परात, डबे हे नवं घेऊच नये या मताची मी आहे. जुन्या भांड्याचा पत्रा बहुधा जाड असतो. हल्लीच्या नव्या गुंडाचा काठ बोटानं दाबला तर वाकेल. शहरातल्या सुना पितळ घासायला कंटाळतात, म्हणून सासूच्या पश्चात सगळी भांडी आमच्यासारख्या दुकानात मोडीला येतात. मोडीत घेताना दुकानदार वजन करतो, डाग (झाळ) लावलेला असेल तर त्याची घट कापतो, आणि माल वितळायला पाठवतो. तुम्ही मधेच उभ्या राहा. ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवा की चांगला गुंड आला की पाठवण्याआधी दाखवा. मोडीच्या भावावर थोडे पैसे चढवून तो खुशीनं देईल, आणि नव्यापेक्षा तुम्हाला बरंच कमी पडेल. घेताना पाणी भरून कोरड्या फरशीवर ठेवा, खाली ओल येते का बघा. चिंच आणि राखेनं घासलं की कालचं दिसतं.

स्वयंपाकाच्या पितळेला मात्र कल्हई हवीच. कल्हई उडालेल्या पातेल्यात कढी, चिंचेचा सार, टमाट्याची भाजी केली की ती कळकते, पोटात मळमळतं. कल्हईवाला समोर बसवून करून घ्या. भांडं तापवून नवसागर टाकतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवतो. कथील शुद्ध वापर म्हणून त्याला बजावा, शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं आणि ते पोटात जाणं वाईट. पाण्याच्या गुंडाला कल्हईची गरज नाही.

आता खरी अडचण नावांची. जुन्या भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच: अमकीच्या लग्नात मामाकडून भेट, खाली तारीख. दुकानात पॉलिशच्या चाकावर ते घासून मिळतं, खोल कोरलेलं असलं तर पुसटसं राहतं. मी म्हणते राहू द्या, त्याखाली तुमच्या लेकीचं नाव घाला. काही घरांत ते बरं मानत नाहीत. तसं असेल तर घासून टाका, एवढ्यावरून वाद कशाला?

शिलाई मशीनचं या पानावर खाली आणखी एक पत्र आहे. इथं एवढंच: सोबत आपलं कापड न्या, एक पातळ आणि एक जाड. दोन्हीवर टाका घालून बघा. चाक हातानं सावकाश फिरवा, खडखड नको. सुईची दांडी धरून हलवा; डावी-उजवीकडे डुलत असेल तर आतलं झिजलंय. उषा, मेरिट असल्या मशिनींचे सुटे भाग तालुक्याला मिळतात, हे पाहून घ्या.

काकू, मी नागपूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. शेजारच्या रूमवरचा मुलगा खोली सोडून चाललाय. लोखंडी कूलर अठराशेला देतो म्हणतो. गावी आई-बाबांसाठी न्यावा का? (घाटंजी तालुक्यातला एक विद्यार्थी)

दादा, ऐन मे महिन्यात कूलर विकणारा माणूस एकतर गाव सोडणारा असतो नाहीतर कूलर बिघडलेला असतो. हा खोली सोडतोय, म्हणजे कारण पटण्यासारखं आहे. (सवड असती तर म्हटलं असतं दिवाळीनंतर बघ. थंडीत कूलर अडगळ होतो, तेव्हा पडेल भावात सुटतो.)

टाकी भरून अर्धा तास ठेव, गळती कळेल. मग तासभर चालव. मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली किंवा जळका वास आला तर भाव पाड, कारण मोटर गुंडाळून घ्यावी लागेल. पंप गेलेला असला तरी घाबरू नको, तो स्वस्तात बदलतो. ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) नव्याच टाकाव्या लागतात, त्यामुळं ‘ताट्या चांगल्या आहेत’ या वाक्याला पैसे देऊ नको.

यापुढचं अठराशे रुपयांपेक्षा महत्त्वाचं. दर उन्हाळ्यात आपल्याकडं कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात बायका आणि लेकरं जास्त, कारण पाणी तेच भरतात. लोखंडी डबा, ओली जमीन, अनवाणी पाय. गावच्या घरात सॉकेट तीन भोकांचा असतो, पण तिसऱ्या भोकामागं बहुतेक वेळा वायरच नसते. कूलर गावी पोचायच्या आधी वायरमन बोलावून खरं अर्थिंग करून घे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसव. गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. आईला सांग, पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसायचा. हा खर्च धरूनही कूलर नव्यापेक्षा स्वस्त पडतोय का बघ. पडत असेल तर ने.

काकू, बजारात एक माणूस निळे डरम विकून रायला. दोनशे लिटरचा डरम नव्याच्या अर्ध्या पैशात भेटून रायला. आमच्या गावात उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नाही. पाणी भराले घेऊ का? (ता. आर्णी)

नको.

त्याला विचारा, आधी यात काय होतं. ‘साबणाचं पाणी होतं, धुऊन टाकलं’ असं सांगेल. निळा ड्रम कारखान्यातून येतो आणि त्यातून रंग, आम्ल, औषधांचा कच्चा माल, काय वाट्टेल ते आलेलं असतं. प्लास्टिक ते थोडं थोडं शोषून घेतं. सोड्यानं धुवा, उन्हात वाळवा, वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही. विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं, तो भंगारातून आणतो. ज्या डब्याची आधीची गोष्ट कुणी सांगू शकत नाही, त्यातलं पाणी लेकरांना पाजू नये. ड्रमवर खाण्याच्या वस्तूचं छापील लेबल शाबूत असेल, लोणचं किंवा फळांचा रस असं काही, आणि झाकण उघडल्यावर त्याचाच वास येत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर नवीन घ्या, नाहीतर सिमेंटची टाकी बांधा. जुना ड्रम न्हाणीच्या पाण्यालाही नको, कारण घरात एकदा पाण्याचा ड्रम झाला की कोण कधी त्यातून लोटा भरेल सांगता येत नाही.

लगे हात दुसरंही सांगते, कारण हे घरोघरी दिसतं. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे. दिसायला छान, झाकण घट्ट, म्हणून कुणी त्यात रॉकेल ठेवतं, कुणी तेल, कुणी शेतात प्यायचं पाणी नेतं. डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. हिरवा त्रिकोण असला तरी डबा परत वापरायचा नाही. कीटकनाशकांचे १९७१ चे नियमच सांगतात की रिकामे डबे फोडून वस्तीपासून लांब पुरायचे. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. त्याच कारणानं जुना फवारणी पंपही घेऊ नका. वायसर झिजलेला पंप पाठीवर गळतो आणि सगळं औषध अंगात मुरतं. ट्रॅक्टर जुना घ्या, नांगर जुना घ्या, पंप नवा.

आठवडी बाजारात टच मोबाइल दोन हजारांत मिळतोय. बिल नाही, डबा नाही, चार्जर नाही. मुलाच्या अकरावीच्या अभ्यासासाठी घ्यायचा आहे. (ता. दारव्हा)

विकणारा का विकतोय याचं उत्तर ‘डबा नाही, बिल नाही’ यातच आहे, भाऊ. तरी खात्री करायची तर मोबाइलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, पंधरा आकडी आयएमईआय नंबर येईल. इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर मेसेज करा, किंवा सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर टाका. काळ्या यादीतला, दुसऱ्याच मोबाइलवरही चालू असलेला असं उत्तर आलं तर तिथूनच वळा. चोरीचा आहे असं वाटायला कारण असूनही घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोराच्या अभ्यासासाठी घेतला हे कारण ठाण्यात चालत नाही.

जुनी मोटारसायकलही घ्यायची असेल तर असंच. आरसी बुक विकणाऱ्याच्याच नावावर हवं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या हव्यात, गाडीवर कर्ज असेल तर फेडल्याचा फॉर्म ३५ हवा. ‘नंतर नाव करून देतो’ म्हणणाऱ्याचं नंतर कधी येत नाही.

अभ्यासाचाच विषय निघाला म्हणून: अकरावीची पुस्तकं गावातल्या बारावीत गेलेल्या पोरीकडून घ्या. नागपूरला कुणाचं जाणं-येणं असेल तर सीताबर्डीवर जुनी पुस्तकं मिळतात. घेताना कितव्या वर्षाची आवृत्ती आहे ते आत उघडून बघा. अभ्यासक्रम बदललेला असेल तर फुकटचं पुस्तकही महाग. कुणी समासात शिसपेन्सिलीनं टिपा काढल्या असतील तर तेवढं आणखी बरं.

काकू, नातू चार वर्षांचा झाला. पुढच्या तान्ह्या पोळ्याला त्याला लाकडी बैल द्यायचा आहे. नवा मोठा बैल परवडत नाही. माहेरी माझ्या भावाचा जुना बैल माळ्यावर पडून आहे, शिंग तुटलेलं, रंग उडालेला. असा दिला तर सुनेला कसं वाटेल? (ता. पुसद)

मावशी, आपल्या भागात तान्ह्या पोळ्याचा बैल पिढीनं पिढी फिरतोच. भोसल्यांच्या काळात नागपुरात हा पोळा सुरू झाला असं सांगतात, म्हणजे लाकडी बैल जुने होऊन पुन्हा सजायला लागले त्यालाही तितकीच वर्षं झाली असणार. आजीच्या माहेरचा बैल घेऊन पोरगं दारोदार बोजारा (पोळ्याची खुशी) मागायला निघालं तर सून नाराज का होईल? बैल कुणाचा, कधीचा, हे तिला आधीच सांगा म्हणजे झालं. शिंग सुतार बसवून देईल. चाकांच्या खिळ्यांची टोकं वर आलीत का बघा.

रंगाचं जपा. घरगुती रंगातल्या शिशावर २०१७ च्या नोव्हेंबरपासून कडक मर्यादा आली, दहा लाखांत नव्वद भाग. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं, आणि चार वर्षांचं पोर हाताला लागलेलं तोंडात घालतंच. म्हणून पोपडे निघालेला बैल तसाच देऊ नका. घरात कोरडा घासूही नका, ती धूळ आणखी वाईट. सुताराकडं द्या, अंगणाबाहेर ओलं करून सगळा रंग काढायला लावा. मग नुसतं तेल चोळा आणि पोळ्याला झूल, बाशिंग, चवऱ्या घरच्या घरी करा. रंगापेक्षा झुलीकडंच पोरांचं लक्ष असतं. बैल बाजारातल्यापेक्षा उजवा दिसेल.

काकू, आमची शेजारीण बियाण्याला पैसे कमी पडतात म्हणून शिलाई मशीन विकते आहे. तीन हजार म्हणते. आमच्या घरच्यांचं म्हणणं, अडलेली आहे, दोन हजारांत देईल. मशीन चांगली आहे, मला हवीही आहे. (ता. दिग्रस)

देईल. पंधराशेतही देईल. मृग तोंडावर आला की दोन हजारांना नाही म्हणायची ताकद कुणात नसते.

पण ती मशीन काय कमावते ते तुम्हाला शेजारी राहून माहीत असणार. ब्लाउज, फॉल, शाळा उघडताना गणवेश. जूनमध्ये मशीन गेली म्हणजे बियाणं आलं आणि रोजचा भाजीपाल्याचा पैसा गेला. कापूस घरात यायला दिवाळी उजाडेल. तेव्हा पहिल्यांदा तिला विचारा, बचत गटातून अंतर्गत कर्ज मिळतंय का. बायका लाजेखातर गटात तोंड उघडत नाहीत आणि घरातली वस्तू विकून मोकळ्या होतात. तुम्ही त्याच गटात असाल तर तुम्हीच विषय काढा.

ते जमलं नाही तर पुरे तीन हजार द्या आणि बोली करा: दिवाळीनंतरच्या पहिल्या कापसापर्यंत तिनं तीन हजार परत दिले तर मशीन परत, नाही दिले तर तुमची. मधल्या काळात तेल, सुया, पट्टा तुमच्याकडं. व्याज नाही. रोज दुपारी तासभर तिला तिच्याच मशीनवर बसू द्याल तर गणवेशाचा हंगामही तिचा वाया जायचा नाही, पण हे तुमच्या दोघींच्या पटण्यावर आहे, माझा आग्रह नाही. बोली साध्या कागदावर लिहा, दोघींच्या सह्या, गटाच्या अध्यक्षीणबाईंची साक्ष. घरच्यांना कागद दाखवा, म्हणजे हजार रुपये सोडले म्हणून कुरकुर झाली तरी एकदाच होईल.

आणि हे सगळं ती खरंच अडलेली असेल तर. चौकशी केल्यावर कळलं की तिनं मोटरची नवी मशीन आधीच सांगून ठेवलीय, तर घरच्यांचं ऐका, खुशाल घासाघीस करा. पट्टा सैल असेल तर त्याचेही शंभर रुपये कापून मागा.